कापडी फलकावरचे नाव

मुरबाडहून माळशेज घाट चढून वर गेले की जिल्हा बदलतो, भाताची खाचरे संपतात, हवा कोरडी होते आणि विद्यापीठही बदलते. घाटाखाली मुंबई विद्यापीठ, घाटावर पुणे. शहापूरच्या बाजूलाही तेच. कसारा घाट ओलांडून इगतपुरी गाठली की नाशिक जिल्हा लागतो आणि तो पुणे विद्यापीठाकडे जातो. माझा जन्म शहापूर तालुक्यातला. घर बांधले मुरबाडला. मधली तेहतीस वर्षे बँकेने जिथे पाठवले तिथे काढली. त्यातली तीन घाटावर, जुन्नर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी. या दोन विद्यापीठांच्या शिवेवर राहणाऱ्या माणसाला एक लाभ होतो. दोन्हीकडची व्याख्याने ऐकायला मिळतात, आणि तीही फुकट.

गेल्या आठवड्यात त्या गावचे एक गुरुजी एस.टी.ने घाट उतरून माझ्याकडे आले. मी तिकडे होतो तेव्हा ते चाळिशीचे होते, आता ऐंशीला टेकले आहेत. पिशवीतून त्यांनी चुरगळलेले पत्रक काढले. म्हसा यात्रा आटोपली की येत्या जानेवारीत त्यांच्या गावच्या महाविद्यालयात पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्यानमाला आहे. तीन दिवस, तीन वक्ते, संध्याकाळी सहा वाजता, सर्वांना मुक्त प्रवेश. गुरुजींचा चेहरा मात्र आमंत्रण द्यायला आलेल्या माणसाचा नव्हता. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी सभागृहात तेवीस माणसे होती. त्यांत माईकवाला आणि शिपाई धरलेले. यंदाही असेच झाले तर पुढच्या वर्षी विद्यापीठाकडे व्याख्यानमाला मागायचीच नाही, असे तिथे ठरत आले आहे. म्हणून गुरुजींनी दोन कामे माझ्या गळ्यात घातली. मुरबाड आणि शहापूरकडची दोन जीपभर माणसे घेऊन वर यायचे, आणि पहिल्या दिवशी वक्त्यांच्या आधी पंधरा मिनिटे बोलायचे. कशावर, तर ज्याच्या नावाने ही व्याख्यानमाला आहे त्या माणसावर.

पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या किती तरी गावांत हिवाळ्यात हा कापडी फलक लागतो. डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला. फलकाखाली बसून तीन तीन दिवस ऐकणाऱ्यांपैकी हे जयकर कोण, हे सांगता येणारी माणसे दहा निघणार नाहीत. हे मी कोणाला नावे ठेवायला लिहीत नाही. त्या दहांत मीही नव्हतो.

गोष्ट १९८८ ची. मी सत्ताविशीचा अधिकारी. शाखाधिकारी रजेवर, त्यामुळे बँकेच्या वतीने आभार मानायला मला मंचावर बसवले होते. दीपप्रज्वलनाच्या वेळी प्रतिमा लागते. गावातल्या एका उत्साही तरुणाने बाबासाहेब हे नाव वाचून डॉ. आंबेडकरांची तसबीर आणून ठेवली, हार घातला, उदबत्ती लावली. गुरुजींच्या ते लक्षात आले, पण त्यांनी ती हलवू दिली नाही. दोन्ही बाबासाहेबांची काही हरकत नसणार, एवढेच ते माझ्या कानाशी पुटपुटले. दोन्ही म्हणजे कोण, हे विचारण्याइतका शहाणपणा मला नव्हता. आभार मानताना मी ठोकून दिले की जयकर हे मराठीतले एक थोर साहित्यिक होते. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पासबुक भरायला काउंटरवर आले आणि हळू आवाजात मला माझी चूक सांगून गेले. त्या दिवसाचे लेजर माझ्याच्याने काही केल्या जुळेना.

तेव्हापासून जमेल तसे या माणसाविषयी वाचत आलो. आता पंधरा मिनिटांच्या निमित्ताने ते सारे पुन्हा काढून बसलो आहे. पंधरा मिनिटांत ते मावणार नाही, म्हणून आधी इथे मांडतो.

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईत, पाठारे प्रभू घराण्यात झाला. हे वर्ष लक्षात ठेवावे. त्याच साली तिकडे इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्ट नावाच्या प्राध्यापकाच्या आग्रहावरून आपली व्याख्याने विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर अशा गिरण्या-कारखान्यांच्या गावांत न्यायला सुरुवात केली. स्टुअर्टने त्याआधी उत्तर इंग्लंडातल्या गावांत स्त्रियांसाठी आणि कामकऱ्यांसाठी व्याख्याने दिली होती. विद्यापीठात येणे ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे विद्यापीठाने जावे, एवढी साधी ती कल्पना. आपण तिला बहिःशाल म्हणतो. शाळेबाहेरचे. आणि आपल्याकडे पुण्यात दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. मूल जन्मावे आणि पुढे ज्या गोष्टीला त्याचे नाव लागायचे तीही त्याच सुमारास जन्मावी, असा हा योग. कादंबरीत लिहिला असता तर संपादकांनी काटला असता.

जयकरांनी १९०२ मध्ये मुंबईत वकिलीची परीक्षा दिली, विलायतेला जाऊन १९०५ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टात उभे राहिले. मुंबईच्या त्या काळच्या बॅरिस्टरांत नाव काढणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. वकिली चांगली चालली. वाचनाची आवड कायद्यापुरती नव्हती. वासुदेव कीर्तिकर यांच्या वेदान्तावरील लेखांचा ग्रंथ संपादित करून त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. बॉम्बे क्रॉनिकल या राष्ट्रीय बाण्याच्या दैनिकाच्या संचालक मंडळावर ते होते, तेव्हा तिथे त्यांच्या शेजारी बॅरिस्टर जिना बसत. पुढे १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत जिनांच्या मागण्यांना उठून विरोध करणाऱ्यांत हेच जयकर होते. माणसे आयुष्यात कुठून कुठे जातात!

त्यांच्या आयुष्याला पहिले खरे वळण पंजाबात मिळाले. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारने आपली चौकशी समिती नेमली. काँग्रेसने आपली वेगळी नेमली. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे हे पंचेचाळिशी उलटलेले बॅरिस्टर. सतराशेहून अधिक माणसांच्या जबान्या या समितीने तपासल्या. हायकोर्टात साक्षीदार वकिलाकडे येतो. इथे वकील साक्षीदारांच्या दारी जात होते. कोणाचा मुलगा गेलेला, कोणाला रस्त्यावर पोटाने सरपटायला लावलेले. जबानीत एक शब्द फुगलेला चालणार नव्हता, कारण सरकार नेमका तोच उचलून धरणार होते. गांधीजींनी त्या कामात अतिशयोक्तीला थारा दिला नाही, आणि अशा कामाला मुरलेला वकीलच लागतो. मार्च १९२० मध्ये अहवाल बाहेर पडला. कर्जाच्या तपासणीसाठी मी वाड्या-पाड्यांवर पुष्कळ हिंडलो आहे. माणसाच्या घरी बसून त्याची हकीकत लिहून घेणे आणि कार्यालयात टेबलापलीकडून लिहून घेणे यांत केवढे अंतर असते ते मला थोडेफार ठाऊक आहे. जयकरांचे पुढचे वागणे समजायला मला तरी हा पंजाबचा मुक्काम फार उपयोगी पडतो. त्यानंतर ते कोणाच्याही मागे डोळे झाकून गेले नाहीत. सरकारच्या नाही आणि गांधीजींच्याही नाही.

त्यानंतरची पंधरा वर्षे राजकारणाची. १९२३ मध्ये स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, तिथे पक्षाचे नेते झाले. सरकारची अडवणूक हे त्या पक्षाचे धोरण. नुसत्या अडवणुकीने काही पदरात पडत नाही असे दिसू लागल्यावर जयकर, न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांनी वेगळी वाट धरली. जे मिळते ते घ्यावे, राबवावे आणि उरलेल्यासाठी भांडावे, ही ती टिळकांच्या वळणाची वाट. प्रतियोगी सहकारिता असे तिचे भारदस्त नाव. या नावाने मते मिळत नाहीत हे वेगळे. जयकर मात्र मुंबईतून मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. या काळातल्या फाटाफुटीची, राजीनाम्यांची आणि पत्रापत्रीची हकीकत त्यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात भरभरून दिली आहे. खरे सांगायचे तर ते वाचताना दमछाक होते. चरित्र कमी आणि वकिलाची फाइल जास्त. माझी बाजू कागदोपत्री पक्की आहे, हे सिद्ध करण्याची त्यांची धडपड शेवटपर्यंत सुटली नाही. मी ती पाने भराभर उलटली, वाचकांनीही उलटावीत.

पण एक काम असे आहे की तिथे थांबलेच पाहिजे. १९२७ मध्ये सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जयकरांकडे आले. मोटारी वाढत होत्या, रस्ते मात्र बैलगाडीचे होते. रस्ते प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या माथी मारलेले, आणि बोर्डांच्या तिजोरीत खडखडाट. १९२८ मध्ये समितीने अहवाल दिला. रस्ते ही साऱ्या देशाची गरज आहे, नुसती स्थानिक बाब नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आणि पैसा कुठून आणायचा, तेही सांगितले होते. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवावा आणि तो वेगळ्या निधीत ठेवून रस्त्यांवरच खर्च करावा. १९२९ मध्ये हा मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झालाही. रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांनी एकत्र बसून विचार करावा म्हणून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, तीही याच समितीच्या शिफारशीतून. रस्त्यांवर संशोधन करणारी मध्यवर्ती संस्था स्वातंत्र्यानंतर उभी राहिली, तिचे मूळही तिथेच.

बँकवाल्याला या अहवालात रस वाटतो तो त्या वेगळ्या निधीमुळे. सरकारी तिजोरीत पैसा एकदा एकत्र मिसळला की तो कशाचा होता हे कोणी सांगू शकत नाही. जयकरांनी त्याला वेगळे खाते उघडून दिले. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचे द्यावे आणि दिलेले रस्त्यालाच लागावे. आज आपण पंपावर गाडीत तेल भरतो तेव्हा किमतीत रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर असतो. नाव बदलले, दर बदलले, कायदे बदलले, पण कल्पना तीच. आमच्या मुरबाडला अजून आगगाडी नाही. आमचे सगळे चालते ते कल्याणहून येणाऱ्या आणि घाट चढून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर. शहापूरला स्टेशन आसनगावचे, तरी गावोगाव जायचे तर मुंबई-आग्रा रस्ता पकडावा लागतो. पावसाळ्यात दरड कोसळून माळशेज बंद पडला की भाजीच्या गाड्या अडकतात, आजारी माणसे अडकतात. आणि व्याख्यानाला येणारा वक्ताही अडकतो. रस्त्याचा निधी आणि गावातले फुकट व्याख्यान ही एकाच माणसाची दोन कामे आहेत, हे मला कळले तेव्हा मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आता मध्यस्थीचे दिवस. मिठाच्या सत्याग्रहानंतर मे १९३० मध्ये गांधीजींना येरवड्याला ठेवले. देशभर तुरुंग भरले. तेव्हा जयकर आणि अलाहाबादचे सर तेजबहादूर सप्रू हे दोन वकील मध्ये पडले. व्हाइसरॉय आयर्विन सिमल्यात, गांधीजी येरवड्यात, मोतीलाल आणि जवाहरलाल नैनीच्या तुरुंगात. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत हे दोघे या तीन टोकांमध्ये हेलपाटे घालत होते. शेवटी नेहरू पितापुत्रांना खास गाडीने येरवड्याला आणून सर्वांची एकत्र बैठक घडवली. निष्पन्न काही झाले नाही. दोन्हीकडून रिकाम्या हाताने परत यावे लागले, वर लोकांनी सरकारचे हस्तक म्हटले ते निराळेच.

बँकेत आम्ही जामीनदार पाहतो. कर्ज त्याचे नाही, पैसा त्याचा नाही. हप्ता थकला की बँक त्याच्यावर डोळे वटारते आणि कर्जदारही त्याच्याशी बोलणे टाकतो. तरी दुसऱ्या वर्षी तोच माणूस दुसऱ्या कोणासाठी सही करायला येतो. जयकर तसे पुन्हा आले. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यामागे सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री यांची धावपळ होती. लंडनच्या तिन्ही गोलमेज परिषदांना जयकर हजर होते. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचे येरवड्यातले उपोषण सुरू झाले, डॉ. आंबेडकरांवर सगळ्या देशाचे दडपण आले, आणि चार-पाच दिवस रात्रंदिवस खलबते होऊन २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. त्या सह्यांतही जयकरांची सही आहे. त्या कराराविषयी आजही दोन मते आहेत आणि ती असणारच. उपोषणाच्या छायेत झालेल्या सहीला राजीखुशीची सही म्हणता येईल का, हा प्रश्न मलाही पडतो. मध्यस्थाच्या हातून घडलेल्या गोष्टी कधी कधी अशाच निम्म्या समाधानाच्या असतात.

१९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत जयकर होते. १९३९ मध्ये तिथून ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. तिथेही फार काळ रमले नाहीत.

मग घटना समिती. १९४६ च्या डिसेंबरात ती दिल्लीत भरली. पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृहात उत्साहाचे वारे होते. अशा वेळी जयकर उठले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली, की मुस्लिम लीग आणि संस्थानिक अजून आलेले नाहीत, तेव्हा ते येईपर्यंत हा ठराव पुढे ढकलावा. लग्नमंडपात उभे राहून मुहूर्त पुढे ढकला म्हणणाऱ्याचे जे होते तेच त्यांचे झाले. सभागृह नाराज झाले. पण दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, एक माणूस त्यांच्या बाजूने बोलायला उभा राहिला. तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटना समितीतले त्यांचे ते पहिलेच मोठे भाषण, आणि ते होते जयकरांच्या दुरुस्तीच्या समर्थनार्थ. ते भाषण ऐकून काँग्रेसच्या बाकांवरही मन पालटल्याची चिन्हे दिसली, असे जाणकार सांगतात. ठराव महिनाभर थांबला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग काही आली नाही.

यानंतर जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला. थोड्याच महिन्यांत फाळणी ठरली आणि बंगालमधून निवडून आलेल्या आंबेडकरांची जागा त्या वाटणीत गेली. त्यांना समितीत परत आणणे आवश्यक आहे असे डॉ. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना कळवले. मुंबई प्रांतात एक जागा रिकामी होती. ती जयकरांची. जुलै १९४७ मध्ये आंबेडकर त्या जागेवर निवडून आले आणि पुढच्याच महिन्यात मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. जयकर काही त्यांना जागा करून द्यावी म्हणून उठले नव्हते, उगीच तसा मोठेपणा त्यांना चिकटवायला नको. ते आपल्या कारणाने उठले. पण १९८८ च्या त्या संध्याकाळी जयकरांच्या फलकाखाली आंबेडकरांची तसबीर ठेवणाऱ्या तरुणाची चूक मला आता तितकीशी चूक वाटत नाही. आणि तसबीर न हलवणाऱ्या गुरुजींना हे सगळे तेव्हाच माहीत होते!

जयकर त्या वेळी त्र्याहत्तरीत होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांच्याकडे कोणतीही खुर्ची नव्हती. ज्यांच्याबरोबर पंजाब पाहिला, ज्यांच्यासाठी येरवड्याच्या खेपा घातल्या, ती माणसे सत्तेवर आली किंवा जगातून गेली. आपल्या वाट्याला काय आले याचा हिशेब मांडत मुंबईच्या घरात बसून राहण्याचे ते वय. आमच्यातले बरेच निवृत्त अधिकारी साठीतच ते करतात. पण त्यांचे एक जुने खाते अजून चालू होते. महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ असावे की नाही, याचा विचार करायला १९४२ मध्ये सरकारने समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष जयकर होते. तोवर नाशिकच्या किंवा नगरच्या पोराची पदवी मुंबईहून यायची. समितीने पुण्यात विद्यापीठ असावे असा कौल दिला. १९४८ मध्ये कायदा झाला आणि पहिले कुलगुरू म्हणून जयकरांनाच नेमले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ सुरू झाले.

सुरू झाले म्हणजे काय, तर भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम अतिथिगृहात. १ जून १९४९ पर्यंत कारभार तिथूनच चालला. मग गणेशखिंडीतला गव्हर्नरचा जुना बंगला, मुंबईच्या लाटसाहेबाचे पावसाळ्यातले निवासस्थान, चारशे एकरांहून मोठ्या आवारासह विद्यापीठाला मिळाला. त्यासाठी बाळासाहेब खेरांनी पुष्कळ खटपट केली. सुरुवातीला महाविद्यालये अठरा, विद्यार्थी आठ हजारांच्या आसपास आणि क्षेत्र बारा जिल्ह्यांचे. जिथे लाटसाहेबाला भेटायला जाताना भल्याभल्यांना दाराशी ताटकळावे लागे, त्या इमारतीत शेतकऱ्याचे पोर अर्ज भरायला जाऊ लागले. जयकर १९५६ पर्यंत कुलगुरू होते. म्हणजे पंचाहत्तरीपासून ब्याऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. संशोधन करणारी हजारो मुले जयकर हा शब्द इतक्यांदा उच्चारतात, की तो माणसाचा राहिलाच नाही, इमारतीचा झाला. जयकरला भेटू, जयकरला बसू असे मुले म्हणतात.

१० मार्च १९५९ रोजी जयकर गेले. पंचाऐंशी वर्षांचे होते. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि त्या नावाच्या विद्यापीठाची व्याख्याने ज्याच्या त्याच्या गावात, फी न घेता व्हावीत यात एक औचित्यही आहे.

बहिःशाल व्याख्यानाला कोणाला नाव नोंदवावे लागत नाही. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. वक्ता गावात येतो, तासभर बोलतो, प्रश्न विचारू देतो, चहा घेऊन रात्रीच्या गाडीने जातो. मी घाटावरच्या त्या तीन वर्षांत नऊ व्याख्याने ऐकली. सगळी चांगली होती असे म्हणणार नाही. एका वक्त्याने तुकारामांवर बोलायचे म्हणून येऊन सबंध तास स्वतःच्या परदेश दौऱ्यावर घालवला. पण एकदा जमिनीखालच्या पाण्यावर एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी असे काही सांगितले, की दुसऱ्या दिवशी विहिरीच्या कर्जासाठी आलेले दोन शेतकरी अर्ज परत घेऊन गेले आणि जागा बदलून महिन्याने पुन्हा आले. त्यांच्या विहिरींना पाणी लागले. कर्जेही फिटली. आमच्या वार्षिक अहवालात याची नोंद कुठे करायची, ते मला तेव्हा सापडले नाही.

आमच्या शहापूरला पाण्याचे कोणी सांगायला नको. तानसा आणि भातसा तालुक्यातच, वैतरणाही आमच्याच डोंगरांतून येते. मुंबई ते पाणी पिते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. जलवाहिन्या डोळ्यांदेखत जातात, नळ मात्र लांब. व्याख्यानांचेही आता थोडे तसेच झाले आहे. मोबाइलवर जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांची भाषणे फुकट मिळतात, हे नातू मला दाखवतो, आणि ते खरेच आहे. मीही ऐकतो. पण त्या भाषणाला थांबवून, आमच्या शिवारातला खडक कोणता, असे विचारता येत नाही. गुरुजींच्या गावातल्या तेवीस माणसांपैकी एकाने गेल्या वर्षी असाच प्रश्न विचारला होता आणि वक्त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्काम वाढवून त्याचे शेत पाहिले. गुरुजींनी ते मला जाता जाता, एस.टी.च्या पायरीवर उभे राहून सांगितले. मी म्हटले, हे आधी सांगायचे की!

एक जीप भरली आहे. मुरबाडचे चार निवृत्त शिक्षक, दोन विद्यार्थिनी आणि एक औषध दुकानदार. शहापूरकडच्या जीपमध्ये अजून चार जागा शिल्लक आहेत. दुपारी तीनला निघायचे, कारण घाटात धुके लवकर उतरते. परतीला उशीर होईल, तेव्हा शाल-स्वेटर बरोबर असू द्यावे. भाड्याचे आम्ही आपसांत पाहून घेऊ. जयकरांचा छापील फोटो मी चौकट करून घेतला आहे. आंबेडकरांची तसबीर त्या गावात आहेच. दोन्ही ठेवायला टेबल जरा मोठे घ्या, असा निरोप गुरुजींना धाडला आहे.